पासवर्ड एकालाच दिला होता

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा गोषवारा देते.

‘आमचं दुमजली घर आहे. खाली सासू-सासरे, वर आम्ही दोघं आणि मुलं. मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत, त्यांना पाळ्या असतात. मी संध्याकाळी वरच्या खोलीतून दहावीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवते. त्यासाठीच १०० एमबीपीएसचं फायबर घेतलं, कनेक्शन सासऱ्यांच्या नावावर आहे. राउटर खाली टीव्हीच्या शोकेसमध्ये असतो. धूळ बसू नये म्हणून सासूबाईंनी त्यावर विणलेला रुमाल टाकलाय. जोडायला आलेल्या मुलाने सासऱ्यांचा मोबाइल नंबरच पासवर्ड म्हणून टाकून दिला. शेजारच्या मावशींचा मुलगा पोलीस भरतीची तयारी करतो. त्याला पासवर्ड मीच दिला, फक्त त्याला एकट्याला. आता रोज सात-आठ पोरं आमच्या कट्ट्यावर मोबाइल घेऊन बसतात, रात्री अकरा वाजले तरी उठत नाहीत. वाळत घातलेले कपडे काढायला दारात जायचं तरी अवघड वाटतं. इकडे माझा क्लास अडकतो, मुलं म्हणतात, “मॅडम, आवाज तुटतोय.” सासऱ्यांना सांगितलं की नेट स्लो होतंय, तर म्हणाले, “असू दे की, पोरं शिकतेत. नेट काय संपतंय व्हय?” नात्यातल्या एकाने भीती घातली आहे की दुसऱ्याने आपलं वायफाय वापरलं तर यूपीआयमधून पैसे जातात. मी पासवर्ड गुपचूप बदलू का? वायफायचं नाव लपवता येतं म्हणतात, ते करू? की रिचार्ज संपलंय असं सांगून मोकळी होऊ? मावशींशी संबंध बिघडवायचे नाहीत. पाणी यायच्या दिवशी मी क्लासमध्ये असले तर आमची टाकी त्याच भरून घेतात. ता. क. सासूबाई म्हणतात रेडिएशन असतं, रात्री राउटर बंद ठेवावा. खरं का?’

ताई, तुम्ही विचारलेले प्रश्न वायफायचे आहेत, पण पत्र वाचताना मी थांबले ती कपड्यांच्या ओळीवर. तुम्ही ती जाता जाता लिहून टाकली आहे. समजा, उद्या नेट झकास चालू लागलं, क्लासमध्ये एकदाही आवाज तुटला नाही, आणि पोरं मात्र रोज अकरापर्यंत दारात बसूनच राहिली, तर तुमची तक्रार मिटेल? मला नाही वाटत. आणि तीच पोरं आपापल्या घरी बसून तुमचं नेट वापरत असती, तर तुम्ही हे पत्र लिहिलं असतं का?

म्हणजे अडचण दाराची आहे आणि तुम्ही तिला राउटरचं नाव दिलंय. सासऱ्यांशीही तसंच झालं. तुम्ही ‘नेट स्लो होतंय’ म्हणालात, त्यांनी नेटपुरतं उत्तर दिलं. ‘मला दारात जायला संकोच वाटतो’ हे तुम्ही त्यांना अजून सांगितलेलंच नाही, निदान पत्रात तरी तसं काही नाही. ते ऐकणार नाहीत हे तुम्ही धरून चालला आहात. सुनेला स्वतःच्या दारात वावरायला अवघड होतंय हे कानावर आल्यावर ‘असू दे की’ म्हणणारे सासरे कमीच. तेव्हा पहिलं काम राउटरला हात लावायचं नाही. एका दुपारी चहाच्या वेळी त्यांना सरळ सांगायचं: ‘मामा, पोरं वाईट नाहीत, पण साडेनऊनंतर दारात कुणी बसलेलं मला नको.’ त्यात नेटचा विषयच काढू नका. काढलात की बोलणं पुन्हा नेटवरच जाईल. ही गोष्ट मिस्टरांकडून वदवून घेण्याचा मोह होईल, पण तुम्ही स्वतः बोललात तर जास्त पटेल.

आता नेटकडे वळू. पोरांमुळेच क्लास अडकतो, हे गृहीतही जरा तपासून पाहायला हवं. मोबाइलवर चांगल्या दर्जाचा व्हिडिओ पाहायला साधारण पाच एमबीपीएस लागतात. आठ पोरं एकाच वेळी बघत बसली तरी चाळीस झाले. तुमच्या क्लासला जाता-येता तीन-चार पुरतात. शंभरातून हे सगळं वजा केलं तरी निम्म्याहून जास्त उरतं. मग आवाज तुटतो कशाने?

मला पहिला संशय शोकेसचा आणि रुमालाचा आहे. राउटर खाली, तुम्ही वर, मध्ये लोखंडाच्या सळ्या घातलेला स्लॅब. त्यातून राउटर टीव्हीच्या मागे, काचेच्या कप्प्यात कोंडलेला. आजचे राउटर बहुधा लहरींच्या दोन पट्ट्यांवर (बँडवर) चालतात. ५ गिगाहर्ट्झवर वेग चांगला मिळतो, पण स्लॅब आणि जाड भिंत पार करताना तो दमतो. २.४ गिगाहर्ट्झ भिंतीतून बराच जातो, पण तिथे गर्दी फार. एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनेल त्यात तीनच आहेत, १, ६ आणि ११. तुमच्यासारख्या दाट वस्तीत फोनवर वायफायची यादी उघडली तर पंधरा-वीस नावं सहज दिसतात, ती सगळी या तीन चॅनेलमध्ये दाटीने बसलेली असतात. पाणीही या लहरी शोषून घेतं. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं म्हणून घराघरात टाक्या आणि बॅरल भरून ठेवलेले असतात. जिन्याखालची भरलेली टाकी तुमच्या आणि राउटरच्या मध्ये येत असेल तर तीही वाट अडवते.

रुमालाचं म्हणाल तर सासूबाईंचा हेतू चांगला आहे. मागांच्या सुताचा भुगा हवेत असतो आणि तो जिथे तिथे बसतो. पण बहुतेक घरगुती राउटर भोवतालच्या ४० अंश तापमानापर्यंत चालावेत असे बनवलेले असतात. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ला जातो, बंद कप्प्यात रुमालाखाली त्याहून जास्त. तापलेला राउटर अडखळतो, मध्येच स्वतःहून बंद-चालू होतो. रुमाल टीव्हीवर घाला, राउटरवरून आठवड्याला एकदा कोरडा ब्रश फिरवा.

लाइन खराब आहे की वायफाय, हे शोधायला केबलवाल्याला बोलवायची गरज नाही. लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा आणि संध्याकाळी, पोरं कट्ट्यावर असतानाच, स्पीड टेस्ट करा. पोरांचा वापर धरूनही साठच्या आसपास किंवा जास्त आले तर लाइन ठणठणीत आहे आणि दोष वायफायचा. केबलवरही वीस-पंचवीसच येत असतील तर मात्र नेटवाल्याला गाठा. तेव्हा हा आकडा आणि वेळ लिहून ठेवलेली असली की तो ‘मॅडम, एकदा बंद करून चालू करा’ म्हणून तुम्हाला परतवून लावू शकत नाही. टेस्टमध्ये अपलोडचा आकडाही बघा. क्लास घेणाऱ्याला तोच जास्त लागतो, आणि नेमकं त्याच्याकडेच कुणी बघत नाही.

पोरांना मी पूर्ण निर्दोष सोडत नाहीये. एका चॅनेलवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकतं. भिंतीपलीकडच्या, रेंज कमी असलेल्या फोनला तेवढीच माहिती घ्यायला जास्त वेळ लागतो आणि तोवर बाकीच्यांना थांबावं लागतं. म्हणजे कट्ट्यावरचे फोन डेटा थोडा खात असले तरी वेळ बराच खातात. पण त्यावरचा पक्का इलाज त्यांना हाकलणं हा नाही. इलाज आहे वर केबल नेणं. खालच्या राउटरपासून तुमच्या खोलीपर्यंत कॅट-६ प्रकारची लॅन केबल ओढून घ्या. शंभर मीटरपर्यंत ती बिनतक्रार चालते, तुम्हाला पंधरा-वीस मीटर लागेल. क्लासचा लॅपटॉप त्या केबलवरच ठेवा. मग खाली आठ फोन असोत की अठरा, वायफायच्या गर्दीशी तुमचा संबंध उरत नाही. वरच्या मजल्यावर वायफायही हवं असेल तर त्याच केबलच्या टोकाला साधा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट मोड’मध्ये, म्हणजे नुसतं वायफाय पसरवण्यापुरता, लावता येतो. भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचायचा रेंज एक्स्टेंडर लोक पहिल्यांदा घेतात, कारण तो स्वस्त आणि सोपा. पण तो आलेलीच कमजोर रेंज पुढे ढकलतो, आणि त्यात बहुतेक वेळा निम्मा वेग जातो. क्लाससाठी तो नकोच.

आता पैशांची भीती. तुमच्या नातेवाइकांनी सांगितलं तसं होत नाही. यूपीआय आणि बँकेची ॲप्स फोनपासून बँकेपर्यंतचा सगळा व्यवहार कूटबद्ध करून पाठवतात. त्याच वायफायवर बसलेल्या पोराला तुमचा पिन वाचता येत नाही. लोकांचे पैसे जातात ते बहुतेक वेळा फोनवर कुणीतरी गोड बोलून ओटीपी काढून घेतल्याने, लिंक दाबल्याने, अनोळखी ॲप टाकल्याने. तसं कधी झालंच तर वेळ न घालवता १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर तक्रार, तितकी पैसे मध्येच अडवले जाण्याची शक्यता जास्त.

पण म्हणून निर्धास्त व्हावं असंही नाही. धोका आहे, तो वेगळ्या जागी आहे. तुमच्या राउटरला दोन पासवर्ड आहेत. एक वायफायचा, जो गल्लीला माहीत आहे. दुसरा राउटरच्या आतल्या सेटिंगचा, जो तुमच्या घरात कुणालाच माहीत नसावा. जोडणारा मुलगा तो बदलत नाही. तो कंपनीने दिलेलाच राहतो, बऱ्याचदा ‘ॲडमिन’ हा शब्द किंवा डब्याखालच्या स्टिकरवर छापलेला. वायफायवर असलेल्या कुणालाही तो टाकून आत शिरता येतं. आत गेलेला माणूस वायफायचा पासवर्ड बदलू शकतो, आणि त्याहून वाईट म्हणजे डीएनएसचा पत्ता बदलू शकतो. डीएनएस म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा खरा पत्ता शोधून देणारी सेवा. ती खोटी बसवली की तुम्ही बँकेचं नाव बरोबर टाकलं तरी दुसऱ्याच कुणाचं हुबेहूब पान समोर येऊ शकतं. अशा वेळी ब्राउझर सहसा ‘ही साइट सुरक्षित नाही’ अशी सूचना देतो, आणि आपण ती घाईत ओलांडून जातो. शेजाऱ्याला घागरभर पाणी देणं वेगळं आणि व्हॉल्व्हची चावी त्याच्या हातात देणं वेगळं. तुम्ही द्यायला निघालात पाणी, आणि चावी खुंटीला तशीच लटकलेली आहे.

हे काही पुस्तकी भय नाही. २०१६ साली ‘मिराय’ नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो राउटर आणि कॅमेरे ताब्यात घेतले, ते फक्त कंपनीचे मूळ युजरनेम-पासवर्ड एकामागून एक टाकून बघत. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात त्याच फौजेने एका डीएनएस कंपनीवर हल्ला चढवला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास अडखळल्या. ज्यांचे डबे त्यात वापरले गेले, त्यांतल्या बहुतेकांना पत्ताही लागला नसेल.

आणि कनेक्शन सासऱ्यांच्या नावावर आहे, हे तुम्ही सहज लिहिलंय, पण ते महत्त्वाचं आहे. तुमच्या नेटवरून कुणी काही उद्योग केला तर माग काढत येणारा माणूस पहिल्यांदा ज्याच्या नावावर कनेक्शन आहे त्याच्या दारात येतो. जुलै २००८ मध्ये अहमदाबादला बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी गेलेला ईमेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून गेला होता. त्या घरातल्या माणसाचा काही संबंध नव्हता, पण पोलीस आधी त्याच्याकडेच पोचले. कट्ट्यावरची पोरं तशी नाहीत हे मान्य. पण त्यांतल्या एकाने रागाच्या भरात कुणाला खोट्या अकाउंटवरून घाणेरडा मेसेज पाठवला, एवढंही पुरतं. हे मावशींच्या मुलाला नक्की सांगा. पोलीस भरतीत चारित्र्य पडताळणी असते, त्यामुळे त्याला ते तुमच्यापेक्षा लवकर कळेल. पासवर्ड मित्रांना वाटत सुटू नये, हे त्याच्याही हिताचं आहे.

तुम्ही ‘फक्त त्याला एकट्याला’ दिला म्हणता. त्याने मुद्दाम वाटला असेलच असं नाही. अँड्रॉइड १०पासून जोडलेल्या फोनवर ‘शेअर’ दाबलं की क्यूआर कोड येतो आणि बऱ्याच फोनमध्ये खाली पासवर्ड अक्षरांतही दिसतो. एका मित्राने स्कॅन केला, त्याच्याकडून दुसऱ्याने. ‘दे बे जरा’ म्हटल्यावर नाही म्हणणारा मित्र कुठे असतो? आणि मोबाइल नंबर पासवर्ड असेल तर तेवढेही कष्ट नकोत, सासऱ्यांचा नंबर गल्लीत कुणाकडे नसेल? अगदी परका माणूसही दहा अंकी मोबाइल नंबर संगणकावर काही तासांत शोधून काढू शकतो.

तुम्ही सुचवलेले तिन्ही मार्ग मला पटत नाहीत. नाव लपवल्याने काही होत नाही. ज्यांना नाव आणि पासवर्ड माहीत आहे त्यांना लपलेल्या नावालाही जोडता येतं, उलट घरातल्या फोनना ते नाव हवेत सारखं विचारत फिरावं लागतं. एकेक फोन ब्लॉक करण्याचाही उपयोग नाही. आता फोन दर वायफायला आपला खोटा क्रमांक देतात आणि तो बदलताही येतो. तुम्ही एक अडवाल, तोच फोन दुसऱ्या क्रमांकाने येईल. गुपचूप पासवर्ड बदललात तर दुसऱ्या दिवशी मावशींचा मुलगा दारात येऊन विचारणार, आणि तेव्हा तुम्ही वर क्लासमध्ये असाल. दार उघडतील सासरे, आणि आपला नंबर बदलून काय ठेवलाय हे त्यांना माहीत नसेल. मग बोलणी कुणाला बसतील ते तुम्हीच ओळखा. रिचार्ज संपल्याचं खोटं तर संध्याकाळपर्यंतही टिकणार नाही, कारण खाली सासऱ्यांच्या टीव्हीवर यूट्यूब चालू असणार.

यापेक्षा उजेडात करण्यासारखी सोय आहे, गेस्ट नेटवर्क. एकाच राउटरवर दुसऱ्या नावाचं, दुसऱ्या पासवर्डचं वायफाय. त्यावरच्या माणसाला इंटरनेट मिळतं, पण घरातले लॅपटॉप, टीव्ही, प्रिंटर किंवा राउटरचं सेटिंग दिसत नाही.

करायचं कसं? लॅपटॉप केबलने जोडूनच बसा, म्हणजे पासवर्ड बदलताक्षणी तुमचंच कनेक्शन तुटून काम अर्धवट राहणार नाही. राउटरच्या तळाशी स्टिकरवर १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता असतो, तो ब्राउझरच्या वरच्या पट्टीत टाका. आत शिरलात की काही बदलायच्या आधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, विशेषतः ‘वॅन’ किंवा ‘पीपीपीओई’ लिहिलेल्या पानाचा, नेटवाल्याने भरलेली माहिती तिथे असते. आणि डब्यामागचं टाचणीने दाबायचं रीसेट बटण काही झालं तरी दाबू नका. बंद करून चालू करणं वेगळं. रीसेटने नेटवाल्याने भरलेली सगळी माहिती पुसली जाते आणि तो येईपर्यंत घर नेटशिवाय राहतं. त्यातून दहावीचा क्लास असेल तर विचारूच नका.

पहिल्यांदा ॲडमिनचा पासवर्ड बदला आणि तो कागदावर लिहून कपाटात ठेवा. इथे कागदच बरा. मग वायफायच्या सुरक्षेच्या खान्यात डब्ल्यूपीए३ असेल तर ते, नाहीतर डब्ल्यूपीए२ निवडा. डब्ल्यूईपी ही जुनी पद्धत दिसली तर तिच्या वाटेला जाऊ नका, ती २००१ सालीच फोडली गेलीय. डब्ल्यूपीएस नावाची बटण दाबून जोडायची सोय असते, ती बंद करा. तिचा आठ अंकी पिन राउटर दोन तुकड्यांत तपासतो, त्यामुळे कोट्यवधी नव्हे तर अकरा हजार प्रयत्नांतच तो सापडू शकतो, हे २०११ मध्ये उघड झालं. ‘रिमोट मॅनेजमेंट’, म्हणजे बाहेरून राउटरच्या सेटिंगमध्ये शिरू देणारी सोय, चालू असेल तर बंद. फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट दिसत असेल तर करून घ्या, चालू असताना वीज जाणार नाही एवढं बघा. डीएनएसच्या खान्यात ‘ऑटोमॅटिक’ असावं. तिथे अनोळखी आकडे दिसले तर नेटवाल्याला विचारा. डबा कंपनीचा असेल तर यातली काही पानं कुलूपबंद असतात. तसं असेल तर त्यालाच बोलवा आणि शेजारी उभं राहून करून घ्या. त्याने ‘मॅडम, सगळ्यांचं असंच असतं’ म्हटलं तरी ऐकू नका.

घरच्या वायफायचा पासवर्ड लांब ठेवा. आठपासून त्रेसष्ट अक्षरांपर्यंत चालतो. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन अक्षरांत जोडून लिहिले की झालं. लक्षात राहतात, आणि दुसऱ्याला सुचत नाहीत. वायफायला आडनाव किंवा घर नंबर नको. बदलायच्या आधी सासूबाई-सासऱ्यांना सांगा आणि त्यांचे फोन व टीव्ही लगेच हाताने जोडून द्या. संध्याकाळच्या कीर्तनाला टीव्ही बंद पडला तर तुमचा सगळा मुद्दा तिथेच पडेल.

मग गेस्ट चालू करा. त्यात ‘लोकल नेटवर्क’ला परवानगी देणारी खूण काढून टाका. सोय असेल तर वेगाची मर्यादा दहा एमबीपीएस आणि वेळ रात्री साडेनऊपर्यंत लावून ठेवा. काही डब्यांत ‘गेस्ट’ हा शब्दच नसतो, दोन-तीन जादा एसएसआयडी, म्हणजे वायफायची नावं, असतात. ते आपोआप वेगळे असतात असं समजू नका, ‘आयसोलेशन’ची खूण शोधून चालू करा.

आणि हे वायफाय कुणाला द्यायचं? माझं मत विचाराल तर मावशींच्या मुलाला द्यावं, कट्ट्याला नाही. त्याला सराव परीक्षा आणि व्हिडिओ खरोखर लागतात, आणि मावशी तुमच्यासाठी बरंच करतात. मात्र अनेक कंपन्यांच्या अटींत कनेक्शन त्या घरापुरतंच असतं, तेव्हा तुमच्या अटी एकदा वाचून घ्या. त्याच्याकडून पैसे तर अजिबात घेऊ नका, ते नेट विकणं झालं. हे शक्यतो भरती होईपर्यंतच, आणि तसं आधीच बोलून ठेवावं. मावशींना घरी जाऊन सांगा: ‘मावशी, क्लासमुळे मी वायफाय वेगळं केलंय. याच्यासाठी नवीन पासवर्ड केलाय, तो मामांकडून घ्यायचा, फक्त त्याने पुढे देऊ नये. कनेक्शन मामांच्या नावावर आहे.’ बदल कळण्याआधी तुम्ही गेलात तर ती काळजी वाटते. नंतर गेलात तर सफाई द्यायला आलात असं वाटतं.

गेस्टचा पासवर्ड मात्र तुम्ही देऊ नका, सासऱ्यांच्या हाती द्या. दर महिन्याच्या एक तारखेला बदलायचा आणि मावशींच्या मुलाने त्यांच्याकडून घ्यायचा. ‘पोरं शिकतेत’ म्हणताना त्यांना जो मान वाटतो, तो काढून घ्यायची काही गरज नाही. उलट पासवर्ड पुढे गेला तर त्यांनाच तो परत बदलावा लागेल, आणि मग कट्ट्यावर आवाज चढवणारे पहिले तेच असतील.



राहिला सासूबाईंचा प्रश्न. वायफायच्या लहरी एक्स-रेसारख्या नसतात आणि राउटरची ताकद साधारण एका वॉटच्या दहाव्या हिश्शाएवढी असते. खोलीपलीकडच्या डब्यापेक्षा कानाला लावलेला फोन कितीतरी जवळ. तरी त्यांना रात्री बंद ठेवल्याने बरं वाटत असेल तर ठेवा, बिघडत काही नाही. फक्त काही राउटर आपले अपडेट रात्रीच घेतात, म्हणून आठवड्यातून एखादी रात्र चालू राहू द्या. आणि मिस्टरांची रात्रपाळी असताना तुम्ही दोघं वायफायवरून बोलत असाल तर त्या दिवशी बटण बंद करायच्या आधी सासूबाईंनी वर हाक मारावी.